गल्लीत एकटा माझाच रेडिओ

गुरुवार, १३ सप्टेंबर

मला लिहायची सवय नाही. लिहिते ती मापं: छाती, कंबर, बाही. पण आज झालं ते सांगायला घरात माणूस उरला नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या जलीलाला सांगितलं तर दिवेलागणीच्या आत साऱ्या केलिबिया गावाला कळेल. म्हणून ही वही.

वजदी सोमवारी सकाळी गेला. "ताई, ट्यूनिसला रेडिओचं काम आहे, चार दिवस लागतील," म्हणाला. आज पाच वाजता खालच्या सी हमादीच्या कॉफीच्या दुकानात रेडिओ लागला आणि वजदीचाच आवाज माझ्या खिडकीत आला. "सलाम मंडळी, वजदी बोलतोय, आज आपण बर्फाच्या मुलखात जाणार आहोत." म्हटलं, बघा याचं. परत आला तो घरी तोंड न दाखवता आधी रेडिओवर जाऊन बसला. पोटात काही नसणार. मी सार्डिन मासे तळले, हरीसाची तिखट चटणी लावून पावात भरले आणि डबा घेऊन बंदराजवळ त्यांच्या रेडिओच्या दोन खोल्या आहेत तिथे गेले.

तिथे निदाल एकटा होता. निदाल म्हणजे वजदीचा मित्र, त्याचा कार्यक्रम यंत्रावर चालवणारा. वजदीची खुर्ची रिकामी आणि आवाज चालूच. मी दाराआड बघितलं. वेडीच मी.

"लल्ला हल्लूमा, बसा ना," निदाल म्हणाला. नावाआधी लल्ला लावल्याशिवाय बोलत नाही, अदबीचा पोरगा.

"बसायला नाही आले. तो कुठाय?"

"हे आधीच भरून ठेवलंय त्यानं. असे बरेच भाग भरून ठेवलेत. म्हणाला, ताईला लगेच कळायला नको."

"काय कळायला नको?"

तो खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला. हवा स्वच्छ होती आणि पलीकडचं इटलीचं बेट दिसत होतं. इथली पोरं रात्री होडीत बसून तिकडेच जातात. मग मला विचारायची गरज उरली नाही. डबा तिथेच ठेवून घरी आले.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि मी लग्नाची. लग्न राहिलं, हा वाढला. सव्वीस वर्षांचं वय, कॉलेजची पदवी, आणि कमाई काय, तर आठवड्यातून एकदा रेडिओवर कुठल्या कुठल्या देशांची गाणी लावणं. ते लोक त्याला द्यायचे काय, तर कॉफी पाजायचे. मी म्हणायचे, ही क्याँव क्याँव ऐकून कुणाचं पोट भरतं रे? तो हसायचा. भांडला असता तर बरं झालं असतं, मनातलं बाहेर तरी आलं असतं.

फोन लागत नाही. पलीकडे पोचलं की इथलं कार्ड चालत नाही, असं सगळे म्हणतात. नवीन घ्यायला वेळ लागतोच.

गुरुवार, २० सप्टेंबर

फोन नाही. आज आईचा जुना रेडिओ कपाटावरून काढला, पुसला, आणि शिलाई मशीनशेजारी ठेवला. खालून हमादीच्या दुकानातून अर्धंमुर्धं ऐकू येतं, मधेच कोणीतरी पत्ते आपटतो. मला पोराचा आवाज सबंध हवा होता.

पहिल्यांदाच त्याचा कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. खरं सांगायचं तर गाण्यांसाठी नाही. दोन गाण्यांच्या मधे तो बोलतो, त्यासाठी गाणी सोसली. पण एक गाणं कानात राहिलं. बल्गेरिया नावाचा देश आहे, तिथल्या डोंगरातल्या बायका. एकमेकींच्या आवाजाला आवाज असा घासतात की आधी वाटलं, भांडताहेत. सुई हातात तशीच राहिली. वजदी म्हणाला, "या बायका शेतात एकमेकींना लांबून हाका मारायच्या, त्याचं गाणं झालं." मला ते पटलं. लांबच्या माणसाला गोड आवाजात हाक मारून भागत नाही.

रविवार, २३ सप्टेंबर

आज मासळीवाल्या तिजानीची बायको आली. काळा पदर, डोळे सुजलेले. मी दार उघडलं तसा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बरकत तुझ्यात राहो, हल्लूमा."

हे आपण कुणाच्या दारात म्हणतो ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या हातात कापडाची मोठी कात्री होती.

"कुणाचं मयत झालंय माझ्या घरात?" मी विचारलं.

"माझ्या भाच्याचा फोन आला होता. तो वजदीच्याच होडीत होता. म्हणाला, होडीत पाणी भरलं आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. कात्री घेऊन तिला जिन्यावरून खाली घालवलं. चपला तिथेच टाकून पळाली बाई. मग खिडकीत गेले, रेडिओ उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, लावला मोठ्याने, आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं: "ज्या घरात मयत असतं त्या घरात चाळीस दिवस रेडिओ लागत नाही. माझ्या घरात लागलेला आहे. सगळ्यांनी ऐकून घ्या. पुन्हा कुणी ते शब्द घेऊन माझ्या दारात आलं तर उकळतं पाणी ओतीन."

हमादी दुकानाबाहेर उभा होता. टोपी हातात घेऊन.

तिचा भाचा लहानपणापासून थापाड्या आहे. शाळेत असताना स्वतःचा आजा तीनदा मारला होता त्याने सुट्टीसाठी.

बुधवार, २६ सप्टेंबर

तीन दिवस झाले, जलीला वरून जेवण आणते आहे. पहिल्या दिवशी कुसकुस, मग वाटाण्याचा रस्सा, आज सबंध कोंबडी. "जास्त झालं गं," म्हणते. ज्या बाईने वीस वर्षांत मला कोथिंबिरीची काडी दिली नाही, तिच्याकडे एकदम जास्त कसं व्हायला लागलं? मला कळतं सगळं. शैमाचं, तिच्या लेकीचं, महिन्याभराने लग्न आहे आणि झगा माझ्याकडे शिवायला आहे. शिलाई कमी करून हवी असणार. मी कोंबडी खाल्ली. शिलाईचं बघू.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

कालच्या कार्यक्रमात आफ्रिकेतल्या माली देशातलं एक वाद्य होतं. भोपळ्याला तारा लावलेलं. हिऱ्याचे दाणे सांडावेत असं वाजत होतं, असं वजदी म्हणाला. मला विचाराल तर तांदूळ निवडताना सुपात वाजतात तसं. वाजवणारा म्हणे घराण्यातला सत्तरावा. बाप शिकवतो, लेक शिकतो. आणि इथे आमचा एकुलता एक, पळून गेला.

आज जुम्याची नमाज फार लांबली. खिडकीतून बघत होते. सगळे पुरुष नेहमीपेक्षा उशिरा बाहेर आले आणि आले ते खाली मान घालून. मी हमादीला वरूनच विचारलं, "काय हो सी हमादी, आज इमामसाहेबांना घरी काम नव्हतं का?"

"हो, लल्ला. लांबली जरा," तो म्हणाला. आणि आत गेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तरी आत गेला.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

गल्लीला काय झालंय कळत नाही. हमादीच्या दुकानात रेडिओ बंद. जलीलाकडे दिवसभर इजिप्तची गाणी चालायची, तीही बंद. समोरच्या न्हाव्याकडे फक्त कात्रीचा आवाज. आधी वाटलं वीज गेली, पण माझी मशीन चालतेय. जलीलाला जिन्यात विचारलं.

"रेडिओ बिघडला की काय तुझा?"

"डोकं दुखतं गं हल्ली," ती म्हणाली.

"आणि हमादीचं? न्हाव्याचं? सगळ्या गल्लीचं डोकं एकदम दुखायला लागलं?"

ती माझ्या खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा काढून गेली.

पण पाच वाजता मला उलगडा झाला. वजदीचा कार्यक्रम लागला आणि मी सहज खिडकीतून वाकून बघितलं, तर हमादीच्या दुकानाबाहेर सात-आठ पुरुष गप्प बसलेले. पत्ते नाहीत, बोलणं नाही. न्हावी दारात उभा. जलीलाच्या खिडकीचा पडदा बाजूला. म्हणजे हे सगळे माझाच रेडिओ ऐकत होते. माझ्या वजदीला ऐकायला यांनी आपापले रेडिओ बंद ठेवलेत. फुकटे. पण बरं वाटलं. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मी आवाज आणखी वाढवला.

समुद्रातल्या एका बेटावरच्या बाईचं गाणं होतं. अनवाणी उभी राहून गायची म्हणे. वजदीने सांगितलं, त्यांच्या बेटावरची निम्मी माणसं बोटीने परदेशी गेलेली आहेत आणि गाणी सगळी त्यांच्यावरच. पण माणसं जातात तशी पैसे पाठवतात, फोन करतात, कधीमधी येतातही, असं तो म्हणाला. हे त्याने माझ्यासाठीच म्हटलं. हमादी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. दाढ सुजली असेल.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

फोन नाही.

मी आता गुरुवारची वाट बघते आणि बाकीचे दिवस कापड कापावं तसे कापून टाकते. जेवण जात नाही. शैमाच्या झग्याची मोत्यांची पट्टी दोनदा उसवली. सकाळी उठलं की क्षणभर काही आठवत नाही, आणि मग आठवतं, आणि पुन्हा झोपावंसं वाटतं. अल्ला एवढा मोठा, त्याला एक फोन लावून देता येत नाही.

आज जॉर्जियातल्या पुरुषांचं गाणं होतं, जेवणाच्या मेजावर बसून गातात ते. एक उंच, एक मधला, आणि एक जमिनीच्या खालून. वजदी म्हणाला, "तिघांपैकी एकजण नसला तर गाणं उभंच राहत नाही." आमच्या घरात दोघंच होतो.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

आज भयंकर राग आला. लोकरी शाल घेऊन बसले होते आणि रेडिओवर वजदी म्हणतो, "काय हा उकाडा, मंडळी, घाम पुसून पुसून हात दुखले." बाहेर पावसाळी वारा. गाणीही गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली असणार. कार्यक्रम संपायच्या आत मी रेडिओच्या खोल्यांवर गेले.

"आळशी माणसा, जुना भाग लावलास ना? त्याने भरून ठेवलेले नवे कुठे गेले?"

निदाल यंत्रापाशी बसलेला. दाढी वाढलेली, डोळे लाल. या पोरांना घरी कोणी विचारतं की नाही कोण जाणे.

"संपले, लल्ला. जुन्यातलं जोडून जोडून लावतोय. खरा एकच उरलाय."

"मग तो का नाही लावत?"

"शेवटी लाव म्हणाला होता. तुमच्यासाठी आहे तो. पण मला लावावंसं वाटत नाही."

"का म्हणून?"

"तो लावला की संपलं सगळं."

"संपू दे की. तोवर तो स्वतःच फोन करेल आणि नवे भरून पाठवेल. तिकडे काय यंत्रं नाहीत?"

यावर निदाल टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा बाप्या. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, अरे, मित्र गेला परदेशी म्हणून कोणी एवढं रडतं का? मी बहीण असून रडले नाही. त्याने माझा हात घट्ट धरून ठेवला, सोडेचना.

जाताना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी नको, जलीलाकडे लग्नाची गडबड आहे. त्याच्या पुढच्या गुरुवारी लाव. लग्नाचं उरकलं म्हणजे शांतपणे ऐकता येईल."

बुधवार, २४ ऑक्टोबर

आज शैमाच्या मेंदीला बोलावणं. जलीला स्वतः सांगायला आली, पण सांगताना असं तोंड की जणू मी नाही म्हणावं. मी गेले. तीस बायका, आणि दरबूका ढोलकी नाही, टाळ्या नाहीत, आनंदाची किलकारी नाही. मेंदी लावली आणि चहा दिला. मी म्हटलं, "अगं, लेक सासरी पाठवताय की दवाखान्यात?" कोणी हसलं नाही. शैमाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मेंदीचे हात वर धरून ठेवले होते, माझ्या कपड्याला लागू नयेत म्हणून.

कंजूषपणाचीही हद्द असते.

शनिवार, २७ ऑक्टोबर

झगा सकाळी दिला. छान बसला.

दुपारी वरात निघाली. मी खिडकीत उभी होते. नवऱ्या मुलाची गाडी फुलांनी सजवलेली, मागे आणखी गाड्या, आणि पुढे ढोलवाला आणि सनईसारखा ज़ुक्रा वाजवणारा. ढोल गळ्यात, काठ्या काखेत. हॉर्न नाही. एकाही गाडीने हॉर्न वाजवला नाही. माझ्या खिडकीखालून सगळे गेले ते नमाजेला निघाल्यासारखे. ज़ुक्रावाल्याने वर बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

गल्ली संपते तिथे, न्हाव्याच्या पलीकडे, वळण आहे. वरात वळली.

वळली आणि ढोल सुरू झाला. ज़ुक्रा सुरू झाला, हॉर्न सुरू झाले, बायकांच्या किलकाऱ्या. सगळं एकदम. वळणाच्या पलीकडे.

आई गेली तेव्हा समोरच्या घरात लग्न होतं. तेव्हाही ढोल तिथूनच सुरू झाला होता. त्याच वळणापासून. मी ओट्यावर वजदीला घेऊन बसले होते. तो विचारत होता, "ताई, ते इथे का नाही वाजवत?"

मंगळवार, ३० ऑक्टोबर

काही नाही.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

कालचं आज लिहिते आहे.

पाच वाजता रेडिओ लावला. खिडकी उघडी ठेवली. खाली बघितलं नाही, पण खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं. सगळे होते.

वजदी म्हणाला, "सलाम मंडळी. आजचा कार्यक्रम माझ्या ताईसाठी. ती हा कार्यक्रम कधीच ऐकत नाही, त्यामुळे आज मी तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलणार आहे." आणि बोलला. मी त्याची गृहपाठाची वही मशीनवर शिवून दिली होती ते. मी रागावले की तोंडात टाचण्या धरून बोलते ते. शाळेच्या गणवेशाला मी आतून निळा खिसा लावला होता, त्यात बदाम असायचे, ते. खाली कुणीतरी नाक ओढलं.

मग म्हणाला, "हे हिंदुस्थानातल्या एका खेड्यातलं गाणं आहे. बायका पहाटे जात्यावर दळताना गातात. भाषा मला येत नाही. ज्यांनी पाठवलं त्यांनी लिहिलंय की त्या देवाचं गातात, माहेरचं गातात, आणि सगळ्यात जास्त भावाचं. भाऊ न्यायला येईल, तो लांबून दिसला की ओळखू येईल, त्याच्यासाठी पीठ बारीक दळायला हवं."

आधी नुसती घरघर आली, दगडावर दगड फिरल्याची. मी म्हटलं, अरे, हे तर आजीचं जातं. आमच्या आजीचं, अंगणातलं, बार्ली दळायचं ते. तीच घरघर. मग एका बाईचा आवाज आला, म्हातारा, दमलेला, न थांबणारा. मागून दुसरी तिची ओळ उचलायची. एक शब्द कळला नाही. मला सगळं कळत होतं. कुठे हिंदुस्थान, कुठे मी, आणि ती बाई माझंच काम करत होती. ज्याच्यासाठी पीठ दळतेय तो येईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबला की कबूल केल्यासारखं होतं.

गाणं संपलं की वजदी पुन्हा बोलणार होता. सगळ्यांचा निरोप घेतो शेवटी, नेहमीच घेतो. तो मला ऐकायचा नव्हता. ती बाई गातच होती तेव्हा मी उठले आणि रेडिओ बंद केला.

केवढी शांतता होती. गल्लीत दुसरा आवाज नव्हताच, किती आठवड्यांपासून नव्हता, एकटा माझाच चालू होता. मी बंद केल्यावर काही उरलं नाही. खाली कुणी हललं नाही. मग एक खुर्ची सरकली, मग दुसरी. सगळे उभे राहिले.

जिन्यावर पावलं वाजली. पुष्कळ बायका होत्या. दार मी सकाळीच उघडं ठेवलं होतं. जलीला पुढे, हातात झाकलेलं पातेलं. तिच्या मागे शैमा, पाच दिवसांची नवरी, मेंदी तशीच लाल, अंगावर काळं. सगळ्यात मागे, दाराच्या बाहेरच, तिजानीची बायको उभी होती. पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला. मी तिच्याकडे बघून मान हलवली तेव्हा ती आत आली.

जलीलाने पातेलं खाली ठेवलं. किती दिवसांपासून ती हे तोंडात धरून जिना चढत उतरत होती कोण जाणे.

"बरकत तुझ्यात राहो, हल्लूमा," ती म्हणाली.

माझ्या हातात कात्री नव्हती. मी म्हटलं, "तुझ्यातही राहो."